दोन कंपन्या एक झाल्या आणि आमचा रंग महागला, हे बघणारं कुणी आहे का?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
नमस्कार मंडळी. लई दिवसांनी लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. सोलापूरच्या एमआयडीसीत आपलं बारकं युनिट आहे, बारा जकार्ड माग आणि मागच्या शेडात डाईंग. टेरी टॉवेल करतो. रंग आणि डाईंगचं केमिकल आजवर दोन कंपन्यांकडून घ्यायचो. एकाचा सेल्समन सोमवारी यायचा, दुसऱ्याचा गुरुवारी. आपण काय करायचो, सोमवारवाल्याचं कोटेशन टेबलाच्या काचेखाली असं सरकवून ठेवायचं की गुरुवारवाल्याला चहा पिताना बरोबर दिसेल. तेवढ्यावर किलोमागं दहा-पंधरा रुपये सुटायचे. बारा वर्षं हेच चाललं, कुणी कुणाशी भांडलं नाही.

दिवाळीनंतर गुरुवारवाला यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणाला, मालक आमची कंपनी त्यांनी घेतली, माझी बदली झाली. आता सोमवारवालाच दोन कॅटलॉग घेऊन येतो, दोन्हीवर वेगळी नावं, बिल एकच. मरून रंग किलोला साठ रुपयांनी वर. उधारी साठ दिवसांची होती ती तीसवर आणली. बोललो तर हसून म्हणतो, "मग दुसरीकडं बघा की." दुसरीकडं म्हंजे कुठं? दहा ड्रमसाठी लांबनं माल मागवला तर भाड्यातच जीव जातो.

माझा प्रश्न साधा आहे. दोन कंपन्या अशा एक व्हायला सरकारात कुणाची परवानगी लागती का नाही? लागत असली तर देणाऱ्यानं आमच्यासारख्याला विचाराय नको का?

कडकभाकरी
काचेखाली आता सिद्धेश्वर महाराजांचा फोटो ठेवा मालक. दुसरं काय ठेवणार.

सीए_होटगीरोड
दादा, परवानगी लागते पण सगळ्यांना नाही, आणि तुमची गाडी तिथंच अडकलेली दिसतेय.

आपल्याकडं स्पर्धा कायदा २००२ चा आहे, त्याच्याखाली भारतीय स्पर्धा आयोग, ज्याला सगळे सीसीआय म्हणतात. त्याआधी १९६९ चा मक्तेदारी रोखणारा एमआरटीपी कायदा होता, जुन्या लोकांना आठवत असेल. नव्या कायद्यातली कंपन्यांच्या विलीनीकरणाची कलमं प्रत्यक्षात लागू झाली १ जून २०११ पासून. तेव्हापासून ठराविक आकाराच्या वरचा व्यवहार असेल तर तो पूर्ण करायच्या आधी आयोगाला कळवावं लागतं आणि मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं. न कळवता उरकलात तर दंड. ॲमेझॉननं फ्युचर ग्रुपच्या कंपनीत पैसे घातले होते, त्यात खरा हेतू लपवला म्हणून आयोगानं डिसेंबर २०२१ मध्ये आधी दिलेली मंजुरी स्थगित केली आणि २०२ कोटींचा दंड लावला.

पण छोट्यांना सूट आहे. जी कंपनी विकत घेतली जातेय तिची भारतातली मालमत्ता ४५० कोटींपर्यंत *किंवा* उलाढाल १२५० कोटींपर्यंत असेल तर सहसा कळवायचंच नाही. यातला "किंवा" नीट वाचा, दोन्हींपैकी एक बसलं तरी सुटका. तुमच्या गुरुवारवाल्याची उलाढाल किती असेल?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
ताई, तो स्वतःच सांगायचा तीनशे-साडेतीनशे कोटीची कंपनी आहे म्हणून.

सीए_होटगीरोड
मग झालं. दिल्लीत त्याची फाइलच गेली नसणार. कुणी मंजुरी दिलीच नाही कारण कुणी मागितलीच नाही.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
म्हंजे साडेतीनशे कोटीची कंपनी सरकारला बारकी वाटती? आमच्या लाईनीत सगळे तिचाच रंग वापरत होते ओ.

दिल्लीतला_सोलापूरकर
काका, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. मी इथं एका वकिलाच्या ऑफिसात याच कामाच्या फायली उचलतो म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर खाली सरका.

फाइल जाणार की नाही हे ठरतं रुपयात, आणि तेही अख्ख्या देशाचा आकडा बघून. फाइल आत गेल्यावर मात्र आयोग बरोबर तुमच्यासारखा प्रश्न विचारतो, की ह्या मालाचा बाजार नेमका कुठला, गिऱ्हाइकाला एकाच्या जागी दुसरं काय चालेल आणि ते किती लांबनं आणणं परवडेल. याला ते रेलेव्हंट मार्केट म्हणतात. पीव्हीआरनं डीटी सिनेमाज घ्यायचं ठरवलं तेव्हा आयोगानं "भारतात थिएटरं किती" असं बघितलं नाही, दिल्लीच्या कुठल्या भागातला माणूस सिनेमा बघायला कुठवर जाईल हे बघितलं. २०१६ मध्ये मंजुरी दिली ती साकेतची थिएटरं व्यवहारातून बाहेर काढायला लावून. एका मोहल्ल्यापुरता विचार केला बघा. मग तोच न्याय सोलापूरच्या डाईंगवाल्यांना का नाही, तर दार रुपयाचं आहे आणि दारातनंच परत पाठवतात.

आणि गंमत पुढंच आहे. २०२२ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स, देशातल्या पहिल्या दोन मल्टिप्लेक्स कंपन्या, एक व्हायचं ठरलं. कोविडमध्ये थिएटरं बंद, त्यामुळं उलाढालीचा आकडा पडलेला, आणि तेव्हाची मर्यादा होती १००० कोटी. त्यामुळं आयोगाकडं जावंच लागलं नाही. कट्स नावाच्या ग्राहक संस्थेनं तक्रार केली, ती आयोगानं फेटाळली. २०२३ च्या सुरुवातीला विलीनीकरण पुरं. जे डीटीच्या वेळी महिनोन्महिने तपासलं ते ह्या दसपट मोठ्या लग्नात कुणी पत्रिकासुद्धा जुळवली नाही.

कडकभाकरी
तरीच पॉपकॉर्न सोन्याच्या भावात.

हिंजवडी_टू_सातरस्ता
मी जरा उलट बोलतो, मारू नका. कंपन्या एकमेकांना घेतात कारण एकट्यानं चालत नाही म्हणून. काकांचा गुरुवारवाला विकला गेला नसता तर बंद पडला असता असंही असेल ना? अमेरिकेत जेटब्लू विमान कंपनी स्पिरिट नावाच्या स्वस्त कंपनीला घेणार होती, जानेवारी २०२४ मध्ये बोस्टनच्या कोर्टानं अडवलं, की गरिबाचं स्वस्त तिकीट जाईल म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पिरिटनं दिवाळखोरीचा अर्ज केला. वाचवायला गेले आणि काय वाचलं? सरकारी बाबूला बाजार कळतो हे मला पटत नाही.

दिल्लीतला_सोलापूरकर
भावा, मुद्दा खोटा नाही. म्हणून तर आपल्या कायद्यातसुद्धा "कंपनी बुडतीच आहे का" हे बघायची सोय आहे. पण बघायला आधी फाइल तर पाहिजे.

आणि बाबू लोक अडवतात असं म्हणू नकोस, आपला आयोग फार सोशिक आहे. २०११ पासून हजारावर व्यवहार बघितले, बहुतेक पहिल्याच टप्प्यात पास. पूर्वी पहिल्या मतासाठी कामकाजाचे ३० दिवस होते, २०२३ च्या दुरुस्तीनंतर साधे ३० दिवस, आणि सगळं मिळून २१० च्या जागी १५० दिवसांत निकाल द्यायचा. जिथं अडचण वाटते तिथं "हे विका, ते सोडा" अशा अटी घालतात. सन फार्मानं रॅनबॅक्सी घेतली तेव्हा सात औषधं विकायला लावली होती, ती आपल्या पुण्याच्या एमक्युअरनं घेतली. रिलायन्स-डिस्नेला २०२४ मध्ये हो म्हटलं तेही काही चॅनेलं सोडायच्या बोलीवर. २०२२ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत तर आयोगात निर्णयाला लागणारी तीन माणसंच नव्हती, तेव्हा विलीनीकरणं अडकून पडू नयेत म्हणून कायद्याचा अर्थ ओढूनताणून दोघांनीच मंजुऱ्या दिल्या. हे काय स्पर्धेचं कर्दनकाळ खातं आहे का सांग.

काकांनी विचारलं होतं की आम्हाला का विचारत नाहीत. विचारतात. प्रकरण दुसऱ्या टप्प्यात गेलं तर कंपन्यांना पेपरात जाहिरात द्यावी लागते आणि ज्याला झळ बसणार तो लेखी म्हणणं देऊ शकतो. सन-रॅनबॅक्सीच्या वेळी २०१४ मध्ये हे पहिल्यांदा झालं. फक्त ती जाहिरात सोलापुरात कोण वाचतं हा भाग वेगळा.

साखरपेठ_मेडिकल
आयोग फक्त दिल्ली-मुंबईचं बघतो असं नाही ओ. आमच्या औषधाच्या धंद्यात त्यांनी लई चाबूक ओढलेत. पूर्वी कसं होतं, एखाद्या कंपनीनं तुम्हाला स्टॉकिस्ट केलं तरी माल सुरू व्हायचा नाही, आधी असोसिएशनची एनओसी आणा म्हणायचे. मी नवीन होतो तेव्हा चार महिने त्या एका कागदासाठी फिरलो, कुठली संघटना ते लिहीत नाही, माणसं अजून ओळखीची आहेत. दर बैठकीला चहा माझ्याकडून आणि कागद पुढच्या बैठकीला. नंतर आयोगानं राज्याराज्यांतल्या केमिस्ट संघटनांना ह्याच एनओसीवरनं धरलं, २०१२-१३ च्या आसपास एकामागं एक आदेश आले, दंड बसले. तेव्हापासून तोंडावर तरी कुणी मागत नाही.

सांगायचा मुद्दा, त्या संघटनेची उलाढाल काय १२५० कोटी होती का? नव्हती. तरी धरलं.

पार्कचौक_पार्टटाइम
@साखरपेठ_मेडिकल यांनी बरोबर दोर ओढला. टॉवेलवाले काका, रागावू नका, माझा मेहुणा तुमच्याच लाईनीत आहे. मागच्या आठवड्यात तुमच्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला ना, "एक तारखेपासून टॉवेल किलोला अमुकच्या खाली कुणीही विकायचा नाही, जो विकेल त्याला बिरादरीत जाब द्यावा लागेल"? खाली चाळीस अंगठे. त्यातला एक तुमचा नव्हता का?

कडकभाकरी
🍿

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
होता. लपवायचं काय त्यात. सुताचा कोन महागला, वीज महागली, रंगाचं वर सांगितलं. आणि आमच्यातलेच चार जण तोट्यात माल फेकतात रोख पैशासाठी, मग परगावचा व्यापारी त्यांचं बिल आमच्या तोंडावर मारतो. आम्ही म्हटलं सगळ्यांनी निदान खर्च तरी काढू. यात कुणाचं वाईट केलं? आमचा धंदा टिकला तर कामगार टिकेल. ती रंगवाली कंपनी आणि आम्ही एकाच तराजूत होय?

दिल्लीतला_सोलापूरकर
काका, आता जे लिहितोय ते वाचून तुम्ही माझ्यावर चिडणार, पण कुणीतरी सांगायला पाहिजे. तो मेसेज म्हणजे स्पर्धा कायद्याच्या कलम ३ उपकलम ३ चं शाळेच्या पुस्तकातलं उदाहरण आहे. एकाच मालाचे विक्रेते एकत्र येऊन भाव ठरवतात, पुरवठा आखडतात किंवा टेंडर वाटून घेतात, तर स्पर्धेला बाधा आली असं कायदा गृहीतच धरतो. आली नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. आणि इथं ४५० कोटी नाही आणि १२५० कोटीपण नाही. दहा मागवाला असो नाहीतर हजार मागवाला.

एक केस सांगतो, त्यावरनं कळेल किती बारक्या मालावर चालतं हे. धान्याच्या गोदामात कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, आपल्याकडं शेतकऱ्यांना माहीत आहेत. २००९ मध्ये एफसीआयनं, म्हणजे सरकारी धान्य महामंडळानं, त्यांचं टेंडर काढलं. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळे कारखाने, वेगळा खर्च, आणि पाकीट उघडलं तर सगळ्यांचा भाव किलोला ३८८ रुपये. एक रुपया इकडं नाही तिकडं नाही. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं, २०१७ मध्ये निकाल लागला, साटंलोटं सिद्ध. तेव्हा कोर्टानं एवढी मेहेरबानी केली की दंड सगळ्या धंद्यावर न मोजता फक्त त्या मालाच्या उलाढालीवर मोजा म्हटलं. पुढं २०२३ च्या दुरुस्तीत संसदेनं तो आधारच बदलला, आता कमाल मर्यादा कंपनीच्या जगभरच्या उलाढालीवर धरतात. कार्टेल, म्हणजे असं साटंलोटं, असेल तर जितकी वर्षं चाललं तितक्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत दंड जाऊ शकतो. तो मेसेज टाकणारा आणि ग्रुप चालवणारा, त्यांच्यावर वैयक्तिकही येऊ शकतो.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
थांबा थांबा. म्हंजे आम्ही चाळीस जणांनी मिळून भाव ठरवला तर गुन्हा. आणि उद्या तेच चाळीस जण आपापलं युनिट विकून एका कंपनीत शिरले, त्या कंपनीनं तोच भाव लावला, तर ते धंदा?

सीए_होटगीरोड
दादा, माझ्या वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हा कायदा एवढ्या थोडक्यात कुणी सांगितला नव्हता.

थोडी दुसरी बाजू सांगते. चाळीस एक झाले तर एक हिशेब होतो, एक डाईंग हाऊस, एक खरेदी, खर्च खरोखर कमी होऊ शकतो, आणि तो कमी झालेला खर्च कधीतरी गिऱ्हाइकापर्यंत येईल अशी आशा असते. ग्रुपवर अंगठे दाखवून नुसता भाव वाढतो, खर्च एक पैशानं कमी होत नाही. म्हणून एकाला तपासणी आणि दुसऱ्याला थेट छडी. तत्त्व म्हणून बरोबर आहे. मला खटकतं ते एवढंच की बारक्यांच्या विलीनीकरणाला तपासणीपण नाही. बाजार आटायला एकच दार लागतं असं थोडंच आहे.

हिंजवडी_टू_सातरस्ता
आता मात्र पटलं. आणि हे फक्त रंगाचं नाही. फेसबुकनं २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घेतलं तेव्हा व्हॉट्सॲपची कमाई होती किती? उलाढालीच्या फुटपट्टीनं ती किराणा दुकान होती.

दिल्लीतला_सोलापूरकर
बरोबर, आणि ते भोक बुजवलं. १० सप्टेंबर २०२४ पासून नवीन नियम, व्यवहाराचीच किंमत २००० कोटींच्या वर असेल आणि त्या कंपनीचा भारतात बऱ्यापैकी धंदा असेल तर उलाढाल शून्य असली तरी कळवायचं. म्हणजे वरच्या टोकाला जाळी बारीक केली. खालच्या टोकाला, काकांच्या बाजूला, ४५० आणि १२५० आहेतच, ते उलट आधीच्या ३५० आणि १००० वरनं *वाढवलेत*.

मोहोळचा_कांदेवाला
तुमचं टॉवेल-रंगाचं वाचून हसू येतंय. आमच्या कांद्याला या की. सोलापूरच्या मार्केट यार्डात पहाटे गाडी लावायची, पाला-माती झाडून ढीग करायचा, मग आठ-दहा व्यापारी एका ढिगावरनं दुसऱ्या ढिगावर चालत येतात. पहिला एक आकडा बोलतो, दुसरा पन्नासनं वाढवतो, तिसरा मोबाईल बघतो, चौथा अडत्याशी पोराच्या लग्नाचं बोलतो, आणि माझा ढीग पंधरा सेकंदांत गेला. शेजारच्या ढिगाला पण तेच, फक्त यावेळी तिसरा बोलतो आणि पहिला मोबाईल बघतो. मी काय मूर्ख आहे का. पण सिद्ध कसं करायचं? व्हॉट्सॲपवर अंगठा पण नाय देत, नुसती मान हालते.

दिल्लीतला_सोलापूरकर
दादा, त्या आयोगानंच बंगळुरूच्या आयसेक संस्थेकडून कांद्याच्या बाजाराचा अभ्यास करून घेतला होता, २०१२ मध्ये अहवाल आला. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या बाजारसमित्या बघितल्या. त्यांना हेच दिसलं, थोड्या व्यापाऱ्यांच्या हातात मोठा माल, नवा खरेदीदार आत यायला कुंपण, आणि संगनमताची लक्षणं. पण लक्षणं म्हणजे पुरावा नाही. मान हालल्याचा पंचनामा होत नाही.

म्हणून कायद्यात माफीच्या साक्षीदाराची सोय आहे. टोळीतला जो पहिला जाऊन सगळं ओकेल त्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत माफी, दुसऱ्याला ५० पर्यंत. बिअर कंपन्यांचं २०२१ चं प्रकरण असंच फुटलं, एकीनं जाऊन सांगितलं ती सुटली, किंगफिशरवाली युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्ग यांच्यावर मिळून ८७३ कोटी. चाळीस अंगठ्यांमधला एखादा तोट्यात माल फेकणारा उद्या दिल्लीचं तिकीट काढेल, एवढंच लक्षात ठेवा काका.

बांधकाम_विजापूरनाका
दंड लावतात हो, पण वसूल कधी होतात? सिमेंट घ्या. होटगीला कारखाना, रेल्वेतनं धूर दिसतो, तरी पोत्याचा भाव सगळ्या डीलरकडं एकाच सकाळी एकाच आकड्यानं चढलेला मी बघितलाय. २०१२ मध्ये आयोगानं अकरा सिमेंट कंपन्या आणि त्यांच्या संघटनेवर ६३०० कोटींच्या आसपास दंड लावला तेव्हा आम्ही कॉन्ट्रॅक्टर लोकांनी चहा पाजला एकमेकांना. मग २०१५ ला वरच्या न्यायाधिकरणानं रद्द केला, सुनावणी नीट झाली नाही म्हणून. २०१६ ला आयोगानं परत लावला. २०१८ ला एनसीएलएटीनं, म्हणजे अपिलाच्या न्यायाधिकरणानं, कायम केला. मग सुप्रीम कोर्टात, १० टक्के भरून स्थगिती. त्या चहाच्या टपरीवर आता मोबाईलचं दुकान झालं. आणि मधल्या काळात सिमेंट कंपन्यांनीच एकमेकांना विकत घेतलं, ते मात्र रीतसर मंजुरी घेऊन.

साखरपेठ_मेडिकल
म्हंजे टॉवेलवाले काकांचं वाक्य खरंच झालं की.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
मंडळी, रात्रभर झोप नाही. बायको म्हणती कसला अंगठा दाखवलास ते आधी काढ. ग्रुपवर आज मी लिहिलं की असला मेसेज नको, कायद्यात बसत नाही. दोघांनी मला वकील झालास का विचारलं, एकजण तेलुगूत बोलला ते इथं लिहीत नाही. मेसेज टाकणाऱ्यानं डिलीट मारला.

आता मला सरळ सांगा, आम्ही करायचं काय. हात बांधून बसायचं होय?

दिल्लीतला_सोलापूरकर
डिलीट मारून काही होत नाही, चाळीस फोनात तो आहे. पण तुम्ही "मी यात नाही" असं लेखी म्हटलंत हे फार चांगलं केलंत, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

करायचं ते दोन गोष्टी. एक, मोठं असणं गुन्हा नाही पण मोठेपणाचा गैरवापर हा कलम ४ खाली गुन्हा आहे. सोमवारवाला उद्या म्हणाला की मरून पाहिजे तर पेरॉक्साइडपण आमचंच घ्या, नाहीतर दुसऱ्याचा माल घेतला तर पुरवठा बंद, तर ते लिहून ठेवा, ईमेल मागा, त्यावर आयोगाकडं माहिती दाखल करता येते. कोल इंडियासारख्या सरकारी कंपनीनंसुद्धा "आम्हाला हा कायदा लागत नाही" म्हणून बघितलं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं लागतो म्हणून सांगितलं. नुसता भाव वाढवला एवढ्यावर मात्र तुमची केस उभी राहणार नाही, खोटी आशा लावत नाही.

दोन, रंग एकत्र घ्या. कलमात खरेदीचा भाव ठरवणंपण आहे, म्हणून ग्रुपवर अंगठे दाखवून नको. चार-सहा जणांची रीतसर संस्था काढा, एक ऑर्डर, एक गाडी, हिशेब कागदावर. खर्च खरोखर कमी करणाऱ्या अशा भागीदारीला कायद्यात सवलत आहे. फक्त त्या टेबलावर टॉवेल कितीला विकायचा हे बोलायचं नाही, चुकून विषय निघाला तर उठून बाहेर या. स्थानिक वकिलाला कागद दाखवून घ्या, माझ्या धाग्यावर विसंबू नका.

सीए_होटगीरोड
संस्थेच्या नोंदणीचं मी बघते दादा, फी नको. शेंगा चटणी चालेल.

हिंजवडी_टू_सातरस्ता
एक्स्पोर्टवाल्यांना सूट असते म्हणतात ते खरंय का?

दिल्लीतला_सोलापूरकर
हो, फक्त निर्यातीच्या मालापुरता केलेला करार कलम ३ च्या बाहेर आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाचं रडगाणं त्या देशानं ऐकावं. तिकडचे कायदेपण आहेत पण, अमेरिकेचा शर्मन ॲक्ट तर १८९० चा.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
दीड महिन्यानं अपडेट देतोय. सहा जण तयार झालो, ताईंनी कागद केले, चटणी पोचवली. गुजरातच्या एका कंपनीकडनं सहा जणांची मिळून एक गाडी मागवली. भाडं धरून किलोला पूर्वीपेक्षा वीस रुपये जास्तच पडले, पण सोमवारवाल्यापेक्षा चाळीस कमी. तेचं कोटेशन काचेखाली ठेवलं.

काल सोमवार होता. चहा दिला. तो उलट्या बाजूनं वाचत होता, मान तिरपी करून, मला कळतंय हे त्याला पण कळत होतं. काही बोलला नाही. बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मालक, साहेबाला विचारून बुधवारी सांगतो."

कडकभाकरी
फोटो काढला म्हणजे काचेखालनं. सिद्धेश्वर महाराज रागावतील.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
दोन्ही ठेवलेत. एक अडचण आहे फक्त, गुजरातचा मरून पहिल्या दोन लॉटला जरा काळपट येतोय, पार्टी म्हणती शेड जुळत नाही. आपलं पाणी जड आहे म्हणून का सोडा कमी पडतोय कळेना. इथं कुणी डाईंगमास्टर असेल तर सांगा.